चुन्याविना उभे देऊळ : लोणारचा दैत्यसूदन

हरभरा खळ्यावरून घरात आला आणि पऱ्हाटीची शेवटची वेचणी झाली, की जळगाव जामोदकडच्या शेतकरी कुटुंबाला चार दिवस उसंत मिळते. लग्नसराईला अजून अवकाश असतो आणि उन्हाचा तडाखाही सुरू झालेला नसतो. अशा वेळी पोराबाळांसह एखादा दिवस कुठे जाऊन यावे, असा विचार घरात निघत असेल, तर एक ठिकाण सुचवतो. ते काही परमुलखात नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लोणार गावात, दैत्यसूदनाचे प्राचीन देऊळ आहे. लोणारला जाणारे बहुतेक लोक सरोवर पाहतात, धारेवर अंघोळ करतात आणि परततात. गावातल्या या देवळासमोर मात्र थोडेच लोक निवांत थांबतात. तुम्ही तसे करू नका. निदान दोन तास या देवळासाठी राखून ठेवा.

आपला जिल्हा घाटाखालचा आणि घाटावरचा असा दोन भागांत वाटलेला आहे, हे तुम्हाला सांगायला नको. सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद हे घाटाखाली, तर लोणार हे घाटावर. सकाळी लवकर निघालात, की येरळीला पूर्णा ओलांडून नांदुऱ्याला याल. नांदुऱ्याची हनुमंताची उंच मूर्ती तुम्ही अनेकदा पाहिली असेल. ती १०५ फूट उंच आहे. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल. तिथून खामगाव, मग घाट चढून मेहकर, आणि मेहकरहून सुलतानपूरमार्गे लोणार.

मेहकरला पैनगंगेच्या काठी शारंगधर बालाजीचे दर्शन जरूर घ्या. ही सुंदर काळी विष्णुमूर्ती १८८८ साली जमीन खणताना सापडली. त्याआधी किती पिढ्या तिच्या वरून चालत गेल्या असतील! आपल्या भागातल्या मातीच्या पोटात काय काय दडलेले आहे, याचा हा एक दाखला झाला. या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

आता लोणारची कथा. फार पूर्वी इथे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहत असे. तो लोकांना छळी आणि पुन्हा विवरात जाऊन दडे. लोकांनी विष्णूचा धावा केला. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याच्या दडण्याची जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवून त्याला ठार केले. ते झाकण दूर नैर्ऋत्येला जाऊन पडले आणि त्याची टेकडी झाली, असे सांगतात. विवराचे झाले सरोवर. त्यातले पाणी हे दैत्याचे रक्त आणि त्यातला क्षार हे त्याचे मांस, असे जुने लोक म्हणत. लवणासुरावरूनच गावाला लोणार हे नाव पडले, आणि दैत्याला मारणारा तो दैत्यसूदन. सूदन म्हणजे नाश करणारा. मधू दैत्याला मारणारा मधुसूदन, तसाच हा.

लवण म्हणजे मीठ. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या माणसाला मिठाचा दैत्य काय असतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विहिरीला पाणी असून ते ना पिकाला चालते, ना माणसाला, हे त्याच्या घरचे दुःख आहे. लोणारच्या कथेत खारट दैत्य तळाशी आहे, आणि वर कड्यातून गोड्या पाण्याची धार अखंड वाहते आहे. गोमुखाची ती धार आजही तिथे वाहते. यात्रेकरू आधी तिथे स्नान करतात, मग दैत्यसूदनाचे आणि खाली सरोवराकाठच्या कमळजादेवीचे दर्शन घेतात. नवरात्रात कमळजादेवीची यात्रा भरते. क्षार आणि गोडे पाणी एकाच ठिकाणी शेजारी शेजारी आहे, म्हणूनच या जागेला तीर्थाचे महत्त्व आले असावे, असे वाटते.

शास्त्रज्ञ या सरोवराची हकीकत वेगळी सांगतात. एक मोठी उल्का काळ्या पाषाणावर येऊन आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा पडला. १९७३ साली इथल्या दगडांच्या तपासणीतून आघाताच्या खुणा मिळाल्या आणि ही गोष्ट पक्की झाली. चहूकडचे पाणी या खोलगट थाळीत उतरते, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी उडवते आणि क्षार मागे राहतो. ज्या वावराला निचरा नाही ते कसे खारवटते, हे तुम्ही पाहिले आहे. हे त्याचेच मोठे रूप समजा. २०२० साली हे पाणी काही दिवस गुलाबी झाले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या जपण्याजोग्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. कथा आणि शास्त्र दोन्ही एकच सांगतात, की वरून काहीतरी आले आणि धरणी उघडी पडली. मुलांना दोन्ही सांगा.

आता गावातल्या देवळाकडे वळू. देऊळ बहुधा बाराव्या-तेराव्या शतकातले, म्हणजे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांच्या काळातले मानतात. त्याला शिखर नाही. माथ्यावर दिसते ते विटांचे काम मागाहूनचे आहे. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला ते बसके वाटते आणि "एवढेच का?" असे तोंडातून निघते. पण जवळ जा. त्याची लांबी सुमारे १०५ फूट आणि रुंदी सुमारे ८४ फूट भरते. नांदुऱ्याच्या हनुमंताची जेवढी उंची, तेवढी या देवळाची लांबी! तीही सगळी दगडात.

आत शिरण्याची घाई करू नका. आधी बाहेरून एक प्रदक्षिणा घाला. देऊळ साधारण पाच फूट उंचीच्या जोत्यावर उभे आहे. चालताना तुमच्या लक्षात येईल, की भिंत सरळ जातच नाही. ती पुढे येते, कोन करते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. सगळ्या देवळाचा आराखडा चांदणीसारखा आहे. कारागिराने हे कसे साधले, ते घरी पोरांना करून दाखवता येईल. एक चौकोनी कागद घ्या. त्यावर तेवढाच दुसरा कागद ठेवून मधोमध टाचणी टोचा, आणि वरचा कागद थोडा फिरवा. चार कोपऱ्यांचे आठ कोपरे होतात. आणखी एक कागद ठेवून फिरवला, की बारा होतात. चांदणी आकाराची देवळे आखण्याची मूळ युक्ती हीच. इतके कोपरे झाले, की भिंतीवर मूर्ती बसवायला जागा वाढते, आणि दिवसभर कुठे ऊन, कुठे सावली पडत राहून काळा दगडही जिवंत दिसतो.

भिंतीवर खालपासून वरपर्यंत कोरीव पट्टे आणि मूर्ती आहेत. देव आहेत, देवांगना आहेत, वेलबुट्टी आहे. काही मूर्ती झिजल्या आहेत, काहींचे हात किंवा नाक तुटले आहे. तरी दागिन्याचा एकेक मणी, केसांची गुंफण, कमरेचा बाक पाहत राहावा असा आहे. घरातल्या बायांना हे दागिने नीट दाखवा. कितीतरी घडणी आजही आपल्या सोनाराकडे मिळतील अशा आहेत.

आता एका दगडाजवळ उभे राहा आणि दोन दगडांमधला सांधा पाहा. मध्ये चुना दिसतो का? दिसणार नाही. अशा बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या पदरचा तेराव्या शतकातला मंत्री आणि मोठा विद्वान. व्रते, दाने आणि तीर्थे यांच्यावरचा त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याच्या नावावरून ही बांधणी ओळखली जात असली, तरी या पद्धतीची कितीतरी देवळे त्याच्या आधीची आहेत. म्हणून गावात कुणी "हे हेमाडपंताने एका रात्रीत बांधले" असे सांगितले, तर ऐकून घ्या, पण त्या जागी कित्येक वर्षे छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटांना विसरू नका.

चुना नाही, तर देऊळ उभे कसे? उत्तर बैलगाडीच्या चाकात आहे. गाडीचा आरा तुंब्यात बसतो तो काही डिंकाने चिकटवलेला नसतो. तो नेमका घडलेला असतो आणि ओझे आले, की आणखी घट्ट बसतो. तसेच इथे आहे. दगड असे तासलेले असतात, की एकावर एक बिनफटीचे बसावेत. जिथे सरकण्याचे भय, तिथे एकाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा ठेवतात. बाकी सगळे काम वजन करते. वरचा दगड खालच्याला दाबतो, तो त्याच्या खालच्याला, आणि सगळा भार जोत्यातून जमिनीत उतरतो. खांबावर तुळई, तुळईवर छत. कमान नाही, लोखंडी सळई नाही. तरी आठशे वर्षांच्या आसपास ते पावसात आणि उन्हात उभे आहे.

मग आत चला. सभामंडप, त्यापुढे अंतराळ आणि शेवटी गाभारा असा क्रम आहे. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. थोडे थांबा. बरोबर बॅटरी नेली असेल तर उत्तम. मग मान वर करा, कारण या देवळाचे खरे धन छताला आहे. मोठ्या दगडी फळ्यांवर पुराणातले प्रसंग कोरले आहेत. नरसिंह हिरण्यकशिपूचे पोट फाडतो आहे, कृष्ण कंसाला मारतो आहे. हे प्रसंगच का निवडले असतील, ते कोड्यासारखे पोरांना विचारा. दैत्यसूदनाच्या घरात दुष्टांचा नाश करणाऱ्याच गोष्टी शोभायच्या. ज्या काळी चारचौघांच्या हाती पोथी नव्हती, त्या काळी हे छत म्हणजेच पोथी होती. कथेकरी खाली उभा राहून वर बोट दाखवी आणि लोक माना वर करून ऐकत, असे चित्र डोळ्यांपुढे येते.

गाभाऱ्यात दैत्यसूदनाची मूर्ती आहे. मूळ मूर्ती नाहीशी झाली. आताची मूर्ती नागपूरकर भोसल्यांनी घडवून बसवली, असे सांगतात. हे देऊळ बराच काळ मातीच्या ढिगाऱ्याखाली झाकलेले होते आणि इंग्रजी अमदानीत मोकळे झाले, असेही तिथे ऐकायला मिळते. मे महिन्याच्या मध्यास काही दिवस दुपारच्या आधी सूर्याचे किरण मूर्तीवर येतात. त्याला किरणोत्सव म्हणतात आणि तो पाहायला लोक मुद्दाम येतात. शेतकऱ्याला यातले मर्म चटकन कळेल. त्याच सुमारास लोणारला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जळगाव जामोद थोडे उत्तरेला, म्हणून आपल्याकडे हा दिवस पाच-सहा दिवसांनी येतो. यंदा अंगणात काठी रोवून पाहा.

आता, वाचकहो, ज्यासाठी एवढे लिहिले ते सांगतो.

दैत्यसूदनाचे देऊळ केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. त्याला राखणदार आहे. पण या कारागिरीची देवळे आपल्या जिल्ह्यात एवढीच नाहीत. मोताळा तालुक्यातले कोथळी, चिखली तालुक्यातले सातगाव भुसारी, देऊळगाव राजाकडचे धोत्रा नंदई, ही नावे काहींनी ऐकली असतील. आणि ज्यांचे नाव कुठेच नाही, अशी कितीतरी आहेत. कुणाच्या गावाबाहेर निंबाखाली दोन कोरीव खांब पडलेले असतात. कुणाच्या धुऱ्यावर शेंदूर फासलेला एक दगड असतो, आणि जवळून पाहिले तर ती एखाद्या द्वाराची चौकट निघते. कुणाच्या विहिरीच्या कठड्यात, कुणाच्या गोठ्याच्या जोत्यात, तर कुणाच्या घरी कपडे धुण्याच्या जागी कोरीव दगड बसलेला असतो. तो दगड नेणाऱ्याने पाप म्हणून नेला नाही. पडलेला होता, उपयोगी होता, म्हणून नेला. पण जे देऊळ वजनावर उभे असते, त्याचा एक दगड काढला, की वरच्या दहांचा आधार जातो.

दुसरे नुकसान भक्तीपोटी होते. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा म्हणून गावकरी वर्गणी काढतात. हेतू चांगला असतो. मग काळ्या पाषाणाला तैलरंग लागतो, कोरीव खांब सिमेंटने गुळगुळीत केले जातात, गाभाऱ्याला फरशा बसतात. दगड आतली ओल बाहेर सोडत असतो. वरून रंग आणि सिमेंट फासले, की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. आठशे वर्षे टिकलेली वेलबुट्टी आपल्या हौसेने आपल्याच नातवांना दिसेनाशी होते.

तेव्हा चार साध्या गोष्टी करता येतील. सांध्यात पिंपळ किंवा उंबराचे रोप उगवले, तर ते बोटाएवढे असतानाच दूर झाले पाहिजे. मूळ एकदा आत शिरले, की ते पाचरीसारखे दगड फोडते. छतावर पाणी साचू देऊ नये आणि देवळाभोवतीच्या पाण्याला निचरा करून द्यावा. पडलेले दगड हलवू नयेत, कारण ते जिथे पडले त्यावरूनच जाणकार माणूस देऊळ पुन्हा जुळवू शकतो. आणि दुरुस्ती करायचीच असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारावे. देऊळ संरक्षित असेल तर परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. रोप काढायचे असले, तरी खात्यालाच कळवावे.

नांगरताना किंवा विहीर खणताना मूर्ती, नाणी, जुनी भांडी सापडली, तर घाबरू नका आणि लपवूही नका. १८७८ सालच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. तहसील कार्यालयात जाऊन लेखी खबर द्या आणि तिची पोच घ्या. मूर्ती विकत मागायला येणारे गोड बोलतात, पण त्या मार्गाने गेलेली मूर्ती पुन्हा गावाच्या नजरेस पडत नाही. मेहकरची मूर्ती मेहकरातच राहिली, म्हणून आज तुमच्या-आमच्यासारख्या लाखोंना तिचे दर्शन घडते.

लोणारहून परत येताना घाट उतराल तेव्हा अंधार पडू लागलेला असेल. मुले गाडीत झोपलेली असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जाताना मात्र एक करा. वाटेवरचा तो शेंदूर लावलेला जुना दगड, ज्याला आपण रोज हात जोडून पुढे जातो, त्याच्यापाशी क्षणभर थांबा. बाजूची माती हाताने झाडा. दैत्यसूदनाच्या भिंतीवर पाहिलेली वेल त्याच्यावर दिसते का, तो सांधा, ती खाच ओळखू येते का, ते पाहा. ओळखू आली, तर गावातल्या मास्तरांना आणि ग्रामपंचायतीला सांगा. मुलांना बोलावून दाखवा.

लोणारचे देऊळ पाहण्याचे खरे पुण्य असेल, तर ते हेच.